शंका घेण्याची मुभा

नाशिकमधील अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील लहान कारखान्यांचा व्यवहार बराचसा उधारीवर चालतो. मोठ्या कंपनीकडून पर्चेस ऑर्डर येते, माल चलनासोबत रवाना होतो, बिल जाते, आणि पैसे महिना-दीड महिन्याने, पुष्कळदा त्याहूनही उशिरा जमा होतात. लघुउद्योगांचे देणे फार तर 45 दिवसांत चुकते करावे असे 2006 चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा सांगत असला, तरी वसुलीसाठी पुन्हा पुन्हा आठवण द्यावी लागते हे कोणत्याही व्हेंडरला वेगळे सांगायला नको. या मधल्या काळात देणारा आणि घेणारा यांना जोडणारा धागा पत्रव्यवहाराचाच असतो, आणि तो आता मुख्यतः ईमेलवर व व्हॉट्सॲपवर चालतो. लबाडाची नजर नेमकी या काळावर असते. लेखापरीक्षण चालू असल्याने या खेपेची रक्कम सोबत दिलेल्या नव्या खात्यात भरावी, अशा अर्थाची दोन ओळींची मेल ओळखीच्या पुरवठादाराच्या नावाने येते, बिलाचा क्रमांक बरोबर असतो, रक्कमही बरोबर असते, आणि हिशेब विभागातील माणूस, एक थकलेले देणे मार्गी लागले या समाधानात, आरटीजीएस करून मोकळा होतो.

विश्वासातील व्यक्तीचे किंवा संस्थेचे सोंग घेऊन समोरच्याकडून पासवर्ड, ओटीपी किंवा थेट पैसे काढून घेण्याच्या या प्रकाराला फिशिंग म्हणतात. त्याची चर्चा बहुधा अडाणीपणा आणि हाव या दोन शब्दांत उरकली जाते. लॉटरीच्या आमिषाला भुलणाऱ्यांच्या बाबतीत हावेचा उल्लेख एक वेळ मान्य करता येईल, पण कारखान्याच्या कार्यालयात फसणाऱ्या माणसाकडे पाहिले तर हे निदान टिकत नाही, कारण त्याला स्वतःला काही मिळवायचे नसते. तो वेळेवर काम करणारा, वरिष्ठांचा शब्द खाली पडू न देणारा आणि उगाच प्रश्न विचारून कुणाचा खोळंबा न करणारा असतो. फसवणूक त्याच्या दुर्गुणांवर उभी नसून ज्या गुणांसाठी त्याला नोकरीत ठेवलेले असते त्यांच्यावरच उभी असते, आणि त्यामुळे हा प्रश्न तंत्रज्ञानाइतकाच नीतीचाही ठरतो.

तंत्राची बाजू मात्र नीट समजून घ्यायला हवी. ईमेलमध्ये पाठवणाऱ्याचे म्हणून जे नाव ठळक दिसते, ते कुणालाही कोणतेही लिहिता येते. ओळख पटवायची असेल तर त्यामागचा पूर्ण पत्ता उघडून पाहावा लागतो, आणि त्यातही डोमेन, म्हणजे ॲट या चिन्हानंतरचा संस्थेचा पत्ता, उजवीकडून डावीकडे वाचावा लागतो. बँकेचे नाव पत्त्यात सुरुवातीला कुठेतरी असणे पुरेसे नाही, कारण पत्त्याचा खरा मालक त्याच्या शेवटच्या भागावरून ठरतो. रोमन लिपीतील आर आणि एन ही छोटी अक्षरे शेजारी लिहिली की घाईत एम वाचले जाते. दोन अक्षरांची अदलाबदल तर डोळ्याला जाणवतही नाही. 2015 मध्ये मुंबईत नोंदवल्या गेलेल्या ओएनजीसीच्या प्रकरणात असेच घडले होते. कंपनीच्या नावातील एन आणि जी यांची जागा बदलून तयार केलेल्या पत्त्यावरून सौदी अरेबियातील ग्राहकाला नव्या बँक खात्याचा तपशील कळवण्यात आला, आणि नाफ्थ्याच्या व्यवहारातील सुमारे 197 कोटी रुपये भलतीकडे वळले. एवढ्या मोठ्या दोन कंपन्यांमधील पत्रव्यवहारात जे निसटले, ते अंबडमधल्या वीस-पंचवीस माणसांच्या कारखान्यातही निसटू शकते, यात नवल नाही.

याहून अवघड प्रकार म्हणजे पत्ता बनावट नसून खराच असणे. पुरवठादाराच्या मेलबॉक्सचा पासवर्ड आधीच एखाद्या खोट्या लॉगिन पानावर चोरला गेलेला असतो, चोर आत शिरून काही दिवस नुसता वाचत बसतो, आलेल्या मेलची प्रत आपोआप स्वतःकडे जावी असा फॉरवर्डिंगचा नियम लावून ठेवतो, आणि बिलाची तारीख जवळ आली की त्याच पत्त्यावरून, त्याच जुन्या संवादाच्या खाली, पुरवठादाराच्याच भाषेत उत्तर लिहितो. येथे अक्षरे तपासून काही हाती लागत नाही. पूर्वी मोडक्या इंग्रजीवरून किंवा विचित्र मराठीवरून लबाडी ओळखता येई; कृत्रिम बुद्धिमत्तेने भाषा घासूनपुसून देण्याची सोय झाल्यावर तोही आधार गेला. वीजबिल न भरल्याने आज रात्री जोडणी तोडली जाईल असा महावितरणच्या नावाचा संदेश, वाहतूक दंडाच्या नावाखाली व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइल (म्हणजे मोबाइलमध्ये थेट ॲप बसवणारी फाइल), भविष्य निर्वाह निधीचे केवायसी अद्ययावत करण्याची सूचना, हे प्रकार त्यामानाने भोंगळ असतात, तरी पाळी संपवून थकून घरी आलेल्या कामगाराला ते चकवू शकतात. या साऱ्यांत समान असलेली गोष्ट भाषेत किंवा पत्त्यात शोधण्यापेक्षा मागणीत शोधावी: घाई, नेहमीच्या वाटेला फाटा, आणि कुणाला न विचारता काम उरकण्याचा आग्रह.

हा आग्रह आपल्याकडे विशेष चालतो, याला कार्यालयातील अदब कारणीभूत आहे. सप्टेंबर 2022 मध्ये पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूटच्या एका संचालकांना कंपनीचे प्रमुख अदर पूनावाला यांच्या नावाने व्हॉट्सॲपवर संदेश आले, काही खात्यांमध्ये तातडीने पैसे पाठवण्यास सांगण्यात आले, आणि 1 कोटी रुपयांहून अधिक रक्कम पाठवली गेल्यानंतर असा संदेश प्रमुखांनी पाठवलेलाच नव्हता हे उघड झाले. जगभर लस पुरवणाऱ्या संस्थेच्या वरिष्ठ स्तरावर जर मालकाचे नाव पुरेसे ठरत असेल, तर लहान कारखान्यात बारा-पंधरा हजारांवर काम करणाऱ्या हिशेबनिसाने काय करावे? साहेबांचा संदेश आला आहे, साहेब मीटिंगमध्ये आहेत असे त्यातच लिहिले आहे, आणि मागच्या वेळी एका किरकोळ खर्चाबद्दल फोन करून विचारले तेव्हा साहेबांनी सर्वांदेखत झापले होते. अशा कार्यालयात चोराचे निम्मे काम मालकानेच करून ठेवलेले असते, आणि हे वाक्य कठोर वाटले तरी ते मागे घेण्याचे कारण दिसत नाही. सावध राहा असा फलक भिंतीवर लावायचा आणि सावध राहणाऱ्याला संथ, आगाऊ किंवा संशयी ठरवायचे, हा दुटप्पीपणा कोणत्याही अँटिव्हायरसने दूर होणार नाही.

शंका विचारणे हा अविश्वास आहे, ही समजूत मुळातच तपासून पाहण्याजोगी आहे. पुरवठादाराने खाते बदलल्याची मेल आल्यावर त्याला आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर, मेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर कदापि नव्हे, फोन करून खात्री करून घेणारा माणूस पुरवठादारावर संशय घेत नसतो. त्याचे पैसे त्यालाच मिळावेत याची काळजी घेत असतो. हाच नियम उलट बाजूनेही लागू होतो: स्वतःचे खाते खरोखरच बदलले असेल तर तसा फोन येईल, त्यात राग मानू नये, हे ग्राहकाला आपण होऊन कळवणे हा पुरवठादाराच्या सचोटीचा भाग मानला पाहिजे. पूर्वी बँकांच्या व्यवस्थेनेही या पडताळणीला फारसा हातभार लावलेला नव्हता, कारण रिझर्व्ह बँकेच्या 2010 च्या सूचनेनुसार इलेक्ट्रॉनिक भरणा केवळ खाते क्रमांकावरून जमा करण्यात येई आणि लाभार्थ्याचे नाव जुळते की नाही हे पाहण्याची सोय पाठवणाऱ्याला नव्हती. आरटीजीएस व एनईएफटी करताना खातेदाराचे नाव आधी दाखवण्याची सोय सर्व बँकांनी 1 एप्रिल 2025 पर्यंत द्यावी असे रिझर्व्ह बँकेने सांगितले. तसेच बँकांच्या संकेतस्थळांचा पत्ता बँक डॉट इन असा संपावा, अशीही व्यवस्था त्याच वर्षी झाली. या सोयी उपयोगी आहेत, मात्र नाव न जुळल्याचे दिसूनही पुढचे बटण दाबायचे की थांबायचे हा निर्णय शेवटी माणसाचाच राहतो.

तरीही कुणी फसलाच तर दोष कोणाचा? या प्रश्नाचा एक विचार करण्याजोगा निर्णय महाराष्ट्रातच झालेला आहे. पुण्याच्या पूना ऑटो ॲन्सिलरीज या कंपनीच्या पंजाब नॅशनल बँकेतील खात्यातून, एका फिशिंग ईमेलला प्रतिसाद दिला गेल्यानंतर, 80 लाख 10 हजार रुपये काढले गेले. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 अन्वये राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव न्यायनिर्णय अधिकारी म्हणून काम पाहतात, आणि दिवाणी न्यायालयात न जाता भरपाईची तक्रार त्यांच्याकडे करता येते. तत्कालीन सचिव राजेश अगरवाल यांनी 2013 मध्ये बँकेला 45 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. ईमेलला उत्तर दिल्यामुळे तक्रारदाराने हानीचा काही वाटा उचलावा असे त्यात धरले होते, परंतु ज्या खात्यांत पैसे वळवले गेले ती फसवी खाती उघडताना पुरेशी तपासणी झाली नाही, याची जबाबदारी बँकेवर ठेवली होती.

वाहनउद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्या अंबड-सातपूरच्या कारखानदारांना ही कंपनी आपल्याच जातकुळीची वाटेल, पण त्या आदेशाचे महत्त्व त्यापलीकडचे आहे. लोकव्यवहारात दोष एकाच्या पदरात टाकून मोकळे होण्याची सवय असते: क्लिक कोणी केले, एवढे कळले की चौकशी संपते. या आदेशाने दोषाची वाटणी केली. चूक करणाऱ्याला निर्दोष म्हटले नाही, आणि त्याची चूक हे इतरांच्या बेफिकिरीवरचे पांघरूणही होऊ दिले नाही. 6 जुलै 2017 च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकात हाच विचार नियमाच्या रूपाने दिसतो. बँकेच्या त्रुटीमुळे अनधिकृत व्यवहार झाला तर ग्राहकावर भार नाही. दोष दोघांचाही नसेल आणि ग्राहकाने 3 कामकाजाच्या दिवसांत कळवले तरीही नाही. मात्र ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे, उदाहरणार्थ पासवर्ड दिल्यामुळे, पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचे ओझेही बँकेवर आहे. यातली एक उणीव मात्र लक्षात ठेवायला हवी: हे परिपत्रक ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे, त्यामुळे फसून का होईना, स्वतःच्या हाताने केलेल्या आरटीजीएसला त्याचा आधार मिळणे कठीण असते.

म्हणूनच कळवण्याच्या वेगाला फार मोल आहे, आणि या वेगाला सर्वांत मोठा अडसर लाजेचा असतो. आर्थिक सायबर फसवणुकीसाठी 1930 हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. तेथे तक्रार नोंदली की ती संबंधित बँकांपर्यंत पोहोचते आणि रक्कम पुढे सरकली नसेल तर रोखून धरता येते. हे सारे मिनिटा-तासांचे काम असते, आणि नेमके तेवढेच तास फसलेला माणूस आपल्याच चुकीवर पांघरूण घालण्यात, चोराला पुन्हा मेल करून पाहण्यात किंवा घरी काय सांगायचे याचा विचार करण्यात घालवतो. ज्याचा पगार कापला जाणार हे ठरलेले आहे, तो तासाभरात सांगायला येणार नाही. दुसऱ्या दिवशी बँकेचा उतारा पाहून दुसऱ्याच कुणाला तरी ते कळेल. चूक लगेच सांगणाऱ्याला शिक्षा होणार नाही, लपवणाऱ्याला होईल, असा नियम कारखान्याने आधीच जाहीर करून ठेवला तर त्यात दया आहेच, आणि हिशेबही आहे. त्यानंतरची कामे यांत्रिक आहेत: बँकेला लेखी कळवून पोच घेणे, संशयित मेल न पुसता मूळ तपशिलासह जपणे, दुसऱ्या स्वच्छ उपकरणावरून पासवर्ड बदलून सर्व ठिकाणचे लॉगिन बंद करणे, फॉरवर्डिंगचे नियम आणि खाते परत मिळवण्यासाठी नोंदवलेले क्रमांक तपासणे, दुहेरी पडताळणी सुरू करणे. एक काम मात्र यांत्रिक नाही, आणि तेच बहुधा टाळले जाते. स्वतःचा मेलबॉक्स फोडला गेल्याचे आपल्या सर्व ग्राहकांना आणि पुरवठादारांना कळवावे लागते. त्यात बाजारातील पत जाण्याची भीती असते, पण ती पत वाचवण्यासाठी गप्प राहणारा कारखानदार पुढच्या फसवणुकीत नकळत भागीदार होतो.

या साखळीत आणखी एक माणूस असतो, ज्याच्याविषयी नीतिचर्चेत फार कमी बोलले जाते. चोरलेले पैसे चोर स्वतःच्या खात्यात घेत नाही. ते आधी कुणाच्या तरी भाड्याने घेतलेल्या खात्यात जातात, तेथून आणखी चार खात्यांत फुटतात. पासबुक, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड काही हजारांना देऊन टाकणारा हा खातेदार बहुधा बेरोजगार तरुण, विद्यार्थी किंवा रोजंदारीवरचा कामगार असतो. आपण कुणाला लुबाडले असे त्याला वाटत नाही, कारण लुबाडला जाणारा त्याला कधी दिसतच नाही. पोलिसांना मात्र सर्वांत आधी सापडतो तो तोच, कारण कागदोपत्री नाव त्याचे असते. तोतयेगिरी करून संगणकाद्वारे फसवणूक करण्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 ड खाली 3 वर्षांपर्यंतच्या कैदेची शिक्षा आहे, आणि त्यामागचा सूत्रधार परराज्यात किंवा परदेशात निर्धास्त असतो. चार खात्यांच्या पलीकडे हा पैसा कधी एखाद्या निर्दोष दुकानदाराकडे मालाची किंमत म्हणून पोहोचतो, आणि तपासात त्याचेही खाते गोठवले गेले की त्याच्याकडच्या माणसांचे पगार अडकतात.