उजेडाची मालकी

देवळाली कॅम्पात बटन दाबताना ही वीज एकलहऱ्याच्या कोळशावरची की कुठल्या धरणाची, हे आपण विचारीत नाही. आपल्याच नाशिक विभागातील बिलगाव या नंदुरबार जिल्ह्यातल्या आदिवासी गावाला मात्र ते ठाऊक होते. नर्मदा बचाव आंदोलन, केरळचे तंत्रज्ञ आणि गावकऱ्यांचे श्रमदान यांतून २००३ साली तेथे धबधब्यावर वीज निर्माण झाली. पाणी बांधाने अडवायचे, नळाने उतारावरून टर्बाइनवर सोडायचे. चाक फिरवून ते पुन्हा नदीतच जाते. क्षमता अवघी १५ किलोवॅट. (शहरातील दहा वातानुकूलन यंत्रे तेवढी सहज गिळतील!) पण झोपड्यांत दिवे लागले.

२००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या फुगवट्यात तो प्रकल्प बुडाला.

मोठ्या धरणाने लाखोंची तहान भागविली, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु अधिकांच्या हितासाठी थोड्यांनी सोसावे, असे म्हणणारा बहुधा त्या थोड्यांत नसतो. त्याग स्वतःचा असतो. दुसऱ्याकडून करवून घेतला तर त्याला निराळे नाव द्यावे लागेल. भरपाईच्या हिशेबात घर, शेत, झाड यांची किंमत मांडता येते. स्वतःच्या हातांनी उभारलेला उजेड कोणत्या रकान्यात लिहायचा?