शिष्यवृत्तीचा अर्ज व आमचें खरें नांव

कॉलेजांत मुलांचीं नांवें घालण्याचे दिवस जवळ आले म्हणजे आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत एक प्रश्न हळूच विचारला जातो. मुलगा हुशार आहे, शेत अपुरें आहे, फी भारी आहे. मग सरकारी शिष्यवृत्तीच्या अर्जांत आपला धर्म ‘हिंदु’ असा लिहिला तर काय बिघडलें? देव अंतःकरण पाहतो, कागद पाहत नाहीं, असेंही कोणी म्हणतात. ज्या बापानें हा प्रश्न आम्हांस विचारिला त्याच्या डोळ्यांत पाणी होतें. म्हणून त्यास घाईनें उत्तर देणें आम्हांस बरें वाटलें नाहीं.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, शिष्यवृत्ति ही भिक्षा नव्हे. तो प्रजेचाच पैसा आहे. साबणाची वडी विकत घेणारी गरीब विधवाही त्या खजिन्यांत आपला कर घालिते. पौल प्रेषितानें आपला रोमी नागरिकत्वाचा हक्क उघडपणें सांगितला. तेव्हां कायद्यानें जें आमचें आहे तें मागण्यांत विश्वासाची हानि नाहीं.

परंतु कायद्यानें आमचें काय आहे? अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांस मॅट्रिकनंतर शिष्यवृत्ति देण्याची सरकारी योजना १९४४ सालीं सुरू झाली. पुढें १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठरला. १९५६ सालीं तो शिखांस व १९९० सालीं बौद्धांस मिळाला. ख्रिस्ती बाहेरच राहिले. महाराष्ट्रांत अशा ख्रिस्ती लोकांची गणना इतर मागासवर्गांत होते, व तेथील मदत बहुधा तोकडी असते. अनुसूचित जमातींस मात्र धर्माची अट नाहीं, हें आमच्या भिल्ल व वारली बांधवांनीं ध्यानांत ठेवावें.

ही अट आम्हांस न्यायाची वाटत नाहीं. बाप्तिस्मा झाला म्हणून गांवानें आमची जात पुसून टाकिली असें कोठें झालें आहे? रंगनाथ मिश्र आयोगानेंही २००७ सालीं ही अट काढावी अशी शिफारस केली. ती काढण्यासाठीं अर्ज करावे, सभा भरवाव्या, न्यायालयांत जावें. हा उघड मार्ग आहे. खोटा रकाना भरणें हा तो मार्ग नव्हे.

आंधळ्या इसहाकानें नांव विचारिलें तेव्हां याकोबानें थोरल्या भावाचें नांव सांगितलें. आशीर्वाद मिळाला, पण घर सुटलें; लाबानाकडे वीस वर्षें राबावें लागलें, व तेथें त्याचीही फसवणूक झाली. सरकारी अर्जही तोच प्रश्न विचारितो: तूं कोण? देव अंतःकरण पाहतो हें खरें, आणि म्हणूनच कागदावर खोटें लिहिणारें अंतःकरण त्यास दिसतें. ज्या मुलास देवळांत एक नांव व कचेरींत दुसरें नांव सांगावयास शिकविलें, त्यास कॉलेजाच्या आधींच एक धडा मिळाला, आणि तो पदवीहून अधिक काळ टिकतो. ख्रिस्ती असून केवळ अशा लाभासाठीं आपणांस हिंदु म्हणविणें ही संविधानाचीच फसवणूक आहे, असें सर्वोच्च न्यायालयानेंही नोव्हेंबर २०२४ मध्यें म्हटलें.

येथवर उपदेश करणें सोपें आहे. पण त्या बापास खरें लिही असें सांगून आम्ही आपल्या घरीं जेवावयास गेलों, तर खरेपणाची सगळी किंमत त्या एकट्या घरानें भरावी असें झालें. हें ख्रिस्ताच्या शरीरास शोभत नाहीं. जी मंडळी सत्य मागते तिनें सत्याचा खर्चही वांटून घेतला पाहिजे. सुगीच्या सणास देवापुढें ठेविलेल्या धान्यांतून कांहीं भाग आपल्या विद्यार्थ्यांसाठीं निराळा काढितां येणार नाहीं काय? गांवच्या उपदेशकानें उत्पन्नाचा दाखला, मुदतीची तारीख व इतर मागासवर्गाच्या योजना वेळेवर समजून घेऊन अर्ज भरावयास मदत केली, तर तीही सेवाच आहे.

त्या बापास आम्हीं अखेरीस इतकेंच सांगितलें: खरें नांव लिहा, आणि उरलेली फी किती तें येत्या रविवारीं मंडळीस सांगा. पुढचें उत्तर मंडळीनें द्यावयाचें आहे.