आऊट काढताना

चौथा स्पोक तुटला तो मिरज रस्त्यावर, भर दुपारी. आवाज फार मोठा नसतो. तंबोऱ्याची तार तुटावी तसा एकच ‘टण्ण’, आणि मग रिम दर फेरीला एकदा ब्रेकच्या रबराला घासू लागते. सायकल हातात धरून मी सायकल दुरुस्त करणाऱ्या मामांच्या दुकानापर्यंत चालत गेलो. दीड महिन्यातला हा चौथा. आधीच्या तिन्ही वेळा तुटला तेवढा बदलून घेतला होता, आणि प्रत्येक वेळी काम झालं असं समजून घरी गेलो होतो.

मामांनी या वेळी पाना उचललाच नाही. हबात अडकलेलं स्पोकचं डोकं काढून तळहातावर घेतलं आणि माझ्यासमोर धरलं. “सर, बघा की नीट.” तुटलेल्या तोंडाचा बराचसा भाग काळवंडलेला होता, उरलेली चंद्रकोरीएवढी कड तेवढी चकचकीत. “काळं हाय ते कवाच तुटलंय. आज तुटलं ते एवढंच.”

दोन मिलिमीटर जाडीच्या तारेचं ते तोंड मी बराच वेळ पाहत राहिलो. तडा कित्येक महिने आत सरकत होता. त्या काळात मी याच चाकावरून रोज शाळेत जात होतो आणि चाक ठणठणीत आहे असं मानत होतो.

वडिलांची ही काळी सायकल जुन्या घाटाची आहे: 28 इंची चाकं, पुढे 32 स्पोक, मागे 40. मागच्या चाकावर माणसाचं वजन जास्त, शिवाय कॅरियर, म्हणून तिथे आठ स्पोक जास्त दिलेले. बैलगाडीचं चाक लहानपणापासून पाहिलेल्या आपल्यासारख्यांना वाटतं, सायकलचं चाक ही त्याचीच हलकी आवृत्ती. तसं नाही. गाडीच्या चाकात तुंब्यापासून निघालेले लाकडी आरे भार दाबून पेलतात, खांबासारखे. बाहेरून तापवून चढवलेली लोखंडी धाव थंड होताना आवळते आणि सगळ्यांना आत दाबून धरते. तारेला दाबणं सोसत नाही, ती वाकते. तिला फक्त ओढ सोसते. म्हणून सायकलच्या चाकात सगळं उलट आहे. प्रत्येक स्पोक रिमला आत ओढतो, समोरचा स्पोक तितक्याच जोराने उलट ओढतो, आणि या भांडणातून चाक उभं राहतं. चांगल्या बांधलेल्या चाकात एकेका स्पोकवर 100 किलोच्या आसपास ताण असतो, चाक हवेत टांगून ठेवलं असलं तरी. ओढलेल्या तारांच्या चाकाची कल्पना इंग्लंडमध्ये जॉर्ज केली यांनी 1808 मध्ये मांडली, तीही उडत्या यंत्राला हलकी चाकं हवीत म्हणून. सायकल तेव्हा जन्मालाही आली नव्हती.

मला सर्वांत विचार करायला लावलेली गोष्ट यापुढची आहे. वाटतं असं, की हब वरच्या तारांना टांगलेला आहे. प्रत्यक्षात भार पडल्यावर वरच्या तारांचा ताण जेमतेम बदलतो. बदलतो तो जमिनीलगतच्या चारदोन तारांचा, आणि तो कमी होतो. जोब्स्ट ब्रँट या अमेरिकन अभियंत्याने 1981 च्या आपल्या पुस्तकात हे नीट मांडून दाखवलं. म्हणजे चाळीसातला प्रत्येक स्पोक दर फेरीला एकदा तळाशी येतो, क्षणभर सैल पडतो आणि पुन्हा ताणला जातो. 28 इंची चाक किलोमीटरला सुमारे साडेचारशे फेऱ्या घेतं. माझं रोजचं जाणं-येणं 10 किलोमीटर, म्हणजे साडेचार हजार फेऱ्या. वर्षाचे 300 दिवस धरले तर साडेतेरा लाख. एखादी तार हाताने मागे-पुढे वाकवत राहिलं की तुटते, तेच इथे अतिशय हळू चाललेलं असतं, स्पोक हबाला अडकतो त्या कोपरापाशी. त्यातही सैल बांधलेल्या चाकाचे स्पोक घट्ट बांधलेल्यापेक्षा लवकर तुटतात, कारण तळाशी आल्यावर त्यांच्यात ताण उरतच नाही आणि कोपर हबाच्या भोकात हलत राहतं.

या साडेतेरा लाख फेऱ्या मूळच्या चाळीसही स्पोकांनी सारख्याच सोसल्या आहेत. पहिला तुटला तेव्हा त्यात काही दोष असेल असं म्हणता येतं. दुसऱ्यालाही फार तर म्हणता येईल. चौथा तुटला की तो उरलेल्या छत्तीसांबद्दल सांगत असतो. माझं चुकलं ते इथे. तुटला तोच वाईट होता असं धरून मी त्याच्या जागी नवा बसवत गेलो आणि बाकीच्यांकडे पाहिलंच नाही.

हीच चूक मी माणसांच्या बाबतीतही केली आहे. मी पूर्वी शिकवत असे त्या एका शाळेत तीन वर्षांत पाच शिक्षिकांनी नोकरी सोडली. प्रत्येकीचं कारण वेगळं नोंदलं गेलं: तब्येत, घर, बदलीचं गाव, स्वभाव. पाचही वेळा आम्ही स्टाफरूममध्ये म्हणालो, तिला झेपलं नाही. तिचे तास उरलेल्यांत वाटले गेले, म्हणजे शेजारच्या स्पोकांवर तिचाही ताण आला, आणि पुढची त्यांच्यातलीच निघाली. नव्याने आलेल्या मुलीला सगळ्यांत अवघड वर्ग दिला, कारण ती ताज्या दमाची. त्या बोलण्यात मीही होतो. एकीचंही कारण, मामांनी स्पोकचं तोंड धरलं तसं उजेडात धरून, तडा कधीपासून गेला होता हे आम्ही पाहिलं नाही. याची खंत मला आजही आहे.

त्या दुपारी मामांच्या दुकानात येण्याआधी वाटेत एक मोठं, काचेचं दुकान लागलं होतं. तिथल्या मुलाने चाक पाहून लगेच सांगितलं, “सर, तयार चाक टाका, दहा मिनिटांचं काम.” तो चुकीचं बोलत नव्हता. स्पोक रिमला आवळणाऱ्या निपलच्या भोकाभोवती रिमला चीर गेली असेल, ब्रेक घासून रिम पातळ झाली असेल, हबाच्या पाकळीला तडा असेल किंवा अपघातात चाकाचा आठ झाला असेल, तर दुरुस्तीचा हट्ट जिवावर बेतू शकतो. दुरुस्ती केली म्हणजे आपण चांगले आणि टाकून दिलं म्हणजे उधळे, असं मला वाटत नाही. पण त्या मुलाने यातलं काहीच तपासलं नव्हतं. त्याच्यापुढे दोनच रस्ते होते, एक स्पोक किंवा अख्खं चाक. मामांनी रिमवरून बोट फिरवलं, भोकं एकेक पाहिली, एक्सल बोटांनी फिरवून छर्ऱ्यांचा आवाज ऐकला आणि म्हणाले, “रिम चांगली, हब चांगला. चाळीसच्या चाळीस नवे घालू. चाक परत बांधायचं.”

हा तिसरा रस्ता आता बाजारातून नाहीसा होत चालला आहे. सामान महाग आहे म्हणून नव्हे. चाळीस स्पोक आणि निपल यांना फार पैसे पडत नाहीत, पण त्यात अनुभवी माणसाची दुपार जाते, आणि त्या दुपारची मजुरी धरली की यंत्रावर बांधलेलं चाक स्वस्त दिसतं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं, वाहनं यांच्या कंपन्यांनी सुटे भाग आणि माहिती अडवून ठेवू नये, हा हेतू योग्यच आहे. सायकलला मात्र कुणाच्या परवानगीची गरज कधीच नव्हती. सगळं उघडं, सगळं पान्याने सुटणारं. इथे हक्क शाबूत आहे आणि हात कमी होत आहेत. कायद्याने हक्क देता येतो. हात तयार व्हायला मात्र कुणीतरी कुणाच्या तरी शेजारी काही वर्षं बसावं लागतं.

मिरजेत राहून हे जास्त जाणवतं. सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढताना मी पाहिलं आहे. तारांच्या घर्षणाने घोडीचा माथा झिजतो, सूर आखडतो. कारागीर घोडी पुन्हा कानसतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा कानसतो. जवारी गेली म्हणून तंबोरा टाकून द्यावा असं तिथे कुणाच्या मनात येत नाही. या कारागिरांची घराणी मुळात शिकलगारांची, हत्यारं घडवणारी. हत्यारांची मागणी ओसरली तेव्हा तेच हात वाद्यांकडे वळले. आज मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन आहे. जवारी ‘काढायची’ आणि चाकाची आऊट, म्हणजे रिमचं डुलणं, तीही ‘काढायची’, मराठीने दोन्ही कामांना एकच क्रियापद दिलं आहे.

मामांनी फ्रीव्हील उतरवलं, जुने स्पोक सोडवले, हब धुऊन नवं ग्रीस भरलं. मग हबाच्या एका पाकळीत वीस, दुसरीत वीस. अर्ध्यांची डोकी बाहेर, अर्ध्यांची आत, एकमेकांवरून तिरपे ओलांडून. सरळ घातले तर पेडल मारताना हबाला बसणारा पीळ रिमपर्यंत नीट पोचत नाही, म्हणून ही तिरपी रचना. जेम्स स्टार्ले यांनी 1874 मध्ये तिचं पेटंट घेतलं, आणि सांगलीच्या या फळकुटाच्या दुकानात ती आजही तशीच हाताने घातली जात होती. विणून झाल्यावर चाक फ्रेममध्ये चढवलं. रिमच्या कडेजवळ खडू धरला. जिथे खडू लागे, तिथे समोरच्या बाजूचे निपल पाव-पाव फेरी आवळायचे, खडूच्या बाजूचे किंचित सोडायचे. एकट्याला एकदम आवळायचं नाही. “एकाला जास्त वढलं की शेजारचं ढिलं पडतंय,” मामा म्हणाले. मधूनच ते दोन-दोन स्पोक मुठीत धरून दाबत, तारा जागेवर बसाव्यात म्हणून. शेवटी नखाने एकेक छेडत गेले. उजव्या बाजूचे सगळे एका सुरात, डावीकडचे त्याहून थोडे खाली. दोन बेसूर निघाले. त्यांना पाना लागला, पुन्हा खडू, पुन्हा नख.

जुने स्पोक मी मागून घेतले. लहानपणी आम्ही वाकवलेल्या स्पोकच्या निपलमध्ये काड्यांचा गूल भरून बार उडवायचो. ते सांगितल्यावर मामा हसले आणि छत्तीस स्पोकांची जुडी ट्यूबच्या पट्टीने बांधून दिली. जाताना म्हणाले, “आठ दिवसांनी आणा परत. बसल्या की तारा जरा ढिल्या हुत्यात. परत एकदा आऊट काढाय लागंल.”

पहिल्या शंभर पावलांत चाकातून बारीक टिंगटिंग ऐकू आली. पीळ बसलेल्या तारा सरळ होताना असा आवाज करतात, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. पुलाच्या चढापर्यंत तो थांबला. येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर पुन्हा जायचं आहे.