अनोळखी माणसाची रुंदी

दारावरच्या कॅमेऱ्यात माणसं चेपलेली किंवा फुगलेली दिसतात, ही तक्रार घरात एखादा इंजिनिअर असला की त्याच्याच गळ्यात पडते. ठाणे ते कल्याण पट्ट्यातल्या नातेवाइकांचे आणि शेजाऱ्यांचे मिळून सात-आठ कॅमेरे मी असे सरळ केले आहेत. काम पाच मिनिटांचं. पण चित्र चुकीचं आहे म्हणजे कोणाच्या बाबतीत चुकीचं, हा प्रश्न त्या पाच मिनिटांत सुटत नाही.

आधी बिघाड काय तो सांगतो. डोंबिवलीतल्या जुन्या बिल्डिंगांमध्ये अजून ४:३ आकाराचं चित्र देणारे कॅमेरे आहेत. सोसायटीच्या ऑफिसातला टीव्ही मात्र १६:९ चा. बाजूला काळ्या पट्ट्या नकोत म्हणून तो चित्र आडवं ताणतो आणि जिना चढणारा प्रत्येक माणूस एक तृतीयांशाने रुंद होतो. नव्या कॅमेऱ्यांची तऱ्हा उलटी. ते दोन प्रवाह पाठवतात: रेकॉर्डिंगसाठी मोठा, १९२० × १०८० चा, आणि मोबाइलसाठी हलका, बऱ्याचदा ७०४ × ५७६ चा. या हलक्या प्रवाहात तेच रुंद चित्र दोन्ही बाजूंनी दाबून बसवलेलं असतं. ५७६ उंचीला खरी रुंदी १०२४ हवी. ॲपने ती परत दिली नाही तर माणूस सुमारे ३१ टक्के बारीक होतो. म्हणजे डोंबिवलीच्या जिन्यात जाडजूड असलेला पार्सलवाला घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये काटकुळा. उपाय साधा आहे: टीव्हीच्या मेनूत ४:३ निवडायचं, ॲपमध्ये मुख्य प्रवाह.

बहुतेक लोक हे करतच नाहीत, आणि त्यांचं फारसं अडतही नाही. आई फुगलेली दिसली तरी आईच असते. घरात त्यावर चार विनोद होतात आणि विषय संपतो. याला संशोधनाचाही आधार आहे. ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठात ग्रॅहॅम होल आणि सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवलं की प्रसिद्ध, म्हणजे आपल्या परिचयाचा चेहरा दुप्पट उंच ताणला तरी लोक तो जवळपास तितक्याच सहज ओळखतात. त्याआधी १९९९ मध्ये माइक बर्टन आणि सहकाऱ्यांनी सुरक्षा कॅमेऱ्याचं निकृष्ट चित्रण लोकांना दाखवलं होतं. चित्रातले प्राध्यापक ज्यांना शिकवत होते त्या विद्यार्थ्यांनी त्यांना छान ओळखलं. अपरिचितांना ते जमलं नाही, आणि अपरिचितांमध्ये अनुभवी पोलीसही होते.

कॅमेरा आपण लावतो तो मात्र अनोळखी माणसासाठी. घरच्यांसाठी कोणी दोन हजार रुपये खर्च करत नाही. म्हणजे चित्राच्या चुकीचा ज्याला त्रास होत नाही त्याच्या हातात रिमोट आहे, आणि ज्याला होऊ शकतो त्याला आपण कुठल्या आकारात साठवले गेलो आहोत याचा पत्ताही नाही.

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीतून एका मुलाची सायकल गेली. ऑफिसातल्या टीव्हीसमोर मोबाइल धरून कोणीतरी क्लिप काढली आणि ग्रुपवर टाकली. चेहरा दिसतच नव्हता. टोपी, पाठीवर सॅक. ‘बुटका आणि जाडा’ असं दोघांनी लिहिलं आणि तासाभरात संशयित ठरला: पार्सल आणतो तो मुलगा. तो खरोखरच बुटका आणि जाडा आहे. त्याला वर सोडू नको, असं वॉचमनला सांगितलं गेलं. डिलिव्हरीमागे पैसे मिळणाऱ्या माणसाला एक गेट बंद होणं ही लहान गोष्ट नाही.

मी ऑफिसात जाऊन आधी गेटच्या खांबावरचा गोळ्याचा दिवा बघितला. गोळा कुठूनही बघितला तरी जवळपास गोलच दिसायला हवा, म्हणून मोजमापाला तो सर्वांत चांगला. पडद्यावर तो आडव्या अंड्यासारखा होता: पट्टी लावली तर रुंदी चार सेंटिमीटर, उंची तीन. मेनू बदलल्यावर दिवा गोल झाला आणि सायकलवाला मध्यम बांध्याचा.

‘अरे, पण आता हा कोणीही असू शकतो,’ सेक्रेटरी काका म्हणाले.

लोकांना दुरुस्ती नकोशी वाटते ती याचमुळे, असं मला वाटतं. चुकीचं चित्र काहीतरी सांगत होतं, बरोबर चित्र गप्प बसलं. कमिटीतल्या एका काकूंनी विचारलं, ‘तो नसेलच, असंही सिद्ध झालं नाही ना?’ खरंच झालं नव्हतं. पण निर्दोषत्व सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर येण्याआधी संशयाला काही कारण तरी हवं, आणि आपल्याकडचं एकमेव कारण टीव्हीने तयार केलेलं होतं. सोसायटी म्हणजे काही कोर्ट नाही, हा युक्तिवादही झाला. मला तो उलट बाजूचा वाटतो. कोर्टात निदान अपील असतं.

कोर्टाचा विषय निघालाच आहे तर एक पेच सांगतो. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात उमेदवारी अर्ज वेळेत आला की उशिरा, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रणापर्यंत गेला. त्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितलं की मूळ उपकरण हजर केलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार त्या प्रमाणपत्रात फाईलची हॅश व्हॅल्यूही द्यावी लागते. फाईलमधला एक बिट बदलला तरी हॅश बदलते. म्हणजे चेपलेली फाईल ही ‘अस्सल’, आणि माणसाला त्याचा बांधा परत देणारी फाईल ही बदललेली. मला हा नियम योग्यच वाटतो. प्रत्येकाला ‘दुरुस्ती’ची मुभा दिली तर काय होईल ते सांगायला नको. पण न बदललेलं आणि खरं या दोन गोष्टी एकच आहेत असं आपण सहज धरून चालतो, ते इथे चालत नाही.

आणि माझी दुरुस्तीही पूर्ण नसते. रुंद कोनाच्या भिंगात दाराच्या चौकटी बाहेर वाकतात. त्या गणिताने सरळ केल्या की चित्राच्या कडेला उभी असलेली माणसं ताणली जातात. गोलाकार दृश्य सपाट पडद्यावर आणताना रेषाही सरळ आणि आकारही शाबूत, असं दोन्ही मिळत नाही. मग मी चौकटी वाकड्याच राहू देतो. चौकटीवर कोणी संशय घेत नाही.

पार्सलवाल्याला दोन दिवसांनी परत सोडायला लागले. सायकल मिळाली नाही. ग्रुपवर पहिली क्लिप अजून आहे, तिच्याखाली मी पाठवलेली दुसरी आहे, आणि तिच्यासोबत लिहिलं आहे: ‘चित्राची रुंदी पाऊणपट केली आहे. मूळ रेकॉर्डिंग न बदलता ऑफिसात ठेवलं आहे. चेहरा दोन्हींत दिसत नाही.’