दृष्टांताचा विनियोग

केशिराजबासांनी संकलित केलेल्या दृष्टांतपाठात ११४ दृष्टांत आहेत. प्रत्येकाची मांडणी त्रिविध: आधी सूत्र, मग दृष्टांत, शेवटी दार्ष्टांतिक. सूत्र व दृष्टांत ही सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींची वचने. दार्ष्टांतिक हे केशिराजबासांचे विवरण. पुष्कळ वाचक मधली कथा तेवढी स्मरणात ठेवतात व तिच्या मागचे सूत्र सोडून देतात. मग दृष्टांताची नुसती गोष्ट उरते, ते विचाराचे साधन राहत नाही.

जात्यंध आणि हत्तीचा दृष्टांत घ्यावा. पायाला हात लागला तो हत्तीला खांब म्हणतो, कानाला लागला तो सूप म्हणतो. ‘सर्वांचेच थोडे थोडे खरे’ असा याचा अर्थ व्याख्यानांतून सांगितला जातो. तो ऐकावयास गोड आहे, सिद्धांताला धरून मात्र नाही. हाताने खोटे सांगितले नव्हते. पाय खांबासारखा लागतोच. ‘हा पाय’ न म्हणता ‘हाच हत्ती’ म्हटले, तेथे दोष घडला. अनुभव खरा, त्यावरून केलेला निर्णय त्या अनुभवाच्या बाहेर गेलेला. आणि असे तुकडे कितीही जोडले तरी हत्ती होत नाही. तो डोळसालाच दिसतो.

आता एखाद्या वासनिकाच्या घरी मूल तापाने फणफणले आहे असे समजा. शेजारीण सांगते, ‘आम्ही नवस केला आणि आमचे मूल तिसऱ्या दिवशी उठले.’ ती खोटे बोलत नाही. परंतु नवसावाचून बरी झालेली मुले आणि नवस करूनही न उठलेली मुले, यांची गोष्ट दारात येऊन कोण सांगते? तिच्या हाती पाय लागला आहे. म्हाइंभटांनी लीळा मिळविल्या त्या ज्यांनी पाहिल्या त्यांच्याकडे जाऊन, एकाच्या सांगण्यावर थांबून नव्हे. तीच शिस्त येथे हवी.

यापुढे पदार्थविवेक येतो. जीव, देवता, प्रपंच, परमेश्वर हे चार पदार्थ भिन्न आहेत. देह प्रपंचातला, ताप देहाचा, औषधही प्रपंचातले. म्हणून वैद्याकडे जाण्यात अनन्यतेला बाध नाही. देवता नाहीतच, असे आपले शास्त्र म्हणत नाही. त्यांचे फळ नाशिवंत आहे आणि मोक्ष परमेश्वरावाचून नाही, एवढे ते सांगते. नवसात हे पदार्थ एकमेकांत मिसळतात: प्रपंचाचे दुखणे देवतेकडे नेले जाते आणि जिवाची अनन्यता त्याचे मोल म्हणून मोजली जाते. भयाच्या घटकेस हा विवेक सुचणे कठीण. तो आधी, ताप नसताना, घोटून ठेवावा लागतो. नित्य पारायणाचा एक उपयोग हाही आहे.

दृष्टांतालाही मर्यादा आहे. तो एकदेशी असतो. सूत्र जेथवर नेईल तेथवरच न्यावा. हत्तीचा दृष्टांत शेजारणीला आंधळी ठरविण्यासाठी दिलेला नाही. तेव्हा अशा घरी गेलेल्या भिक्षुकाने प्रथम औषध आणले काय हे विचारावे. उंबऱ्याशी बसून नवसाचा हट्ट धरणाऱ्या आजीशी त्या रात्री शास्त्रार्थ मांडू नये.