बरं झाल्यावरचा प्रश्न

गेल्या वर्षी फेब्रुवारीत बॅडमिंटन खेळताना बाबांच्या उजव्या टाचेमागची शीर तुटली. त्यांना वाटलं, कुणीतरी मागून पोटरीवर रॅकेट मारली. त्यांनी वळून पाहिलं तर मागे कुणीच नव्हतं. नंतर डॉक्टर म्हणाले, अकिलीस टेंडन तुटलेले बरेच पेशंट अगदी हेच सांगतात.

बाबा ५८ वर्षांचे आहेत. सांगलीत बँकेत नोकरी, आणि गेली ३० वर्षं आठवड्यातले पाच दिवस सकाळी साडेपाचला हॉलवर. व्हेटरन गटातल्या स्पर्धांच्या कपांनी शोकेसमधली आईची जागा कधीच खाल्ली आहे. ऑपरेशन झालं, मग प्लास्टर, मग तो मोठा बूट, मग फिजिओथेरपी. डिसेंबरात डॉक्टरांनी पाय दाबून, वळवून पाहिला आणि म्हणाले, "पाय छान बरा झालाय. खेळायचं की नाही, ते आता तुम्ही ठरवा."

घरातलं भांडण त्या दिवशी सुरू झालं. दहा महिने पाय जायबंदी होता तेव्हा कुणीच कुणाशी भांडलं नव्हतं, कारण ठरवण्यासारखं काही नव्हतंच. मी पुण्याहून फोनवर म्हणालो, "बाबा, आता बास करा. खूप खेळलात." ते "बघू" म्हणाले आणि त्यांनी फोन आईकडे दिला.

ते वाक्य बोलायला मला दोन सेकंद लागले. ते बरोबर होतं का, याचा विचार मी त्यानंतर दोन महिने करतोय.

दुखापत झाली की निर्णय शरीर घेतं. खेळाडू फक्त ऐकतो. बरं झाल्यावर तोच निर्णय परत त्याच्या हातात येतो आणि आता 'पाय साथ देत नाही' असं म्हणायची सोय उरलेली नसते. आता जे काही ठरेल, ते त्यानेच ठरवलेलं असेल. म्हणून खरा अवघड प्रश्न दुखापतीचा नसून बरं होण्याचा आहे, असं मला वाटायला लागलं.

आपल्याकडे या प्रश्नावर एक तयार उत्तर आहे. लोक 'का सोडतोस?' असं विचारत असतानाच सोडावं, 'का सोडत नाहीस?' असं विचारायची वेळ येऊ देऊ नये. मुंबईच्या क्रिकेटमध्ये हे सूत्र विजय मर्चंट यांच्या नावावर सांगितलं जातं. खुद्द मर्चंट यांची शेवटची कसोटी १९५१ मधली, दिल्लीत, इंग्लंडविरुद्ध. वय ४०. त्या डावात त्यांनी १५४ धावा केल्या, कसोटीतली त्यांची सर्वोच्च धावसंख्या. आणि त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना त्यांचा खांदा दुखावला. त्यानंतर ते कसोटी खेळले नाहीत.

म्हणजे शिखरावर असताना थांबण्याचं जे उदाहरण आपण देतो, त्यात खांद्याचाही वाटा होता. १९३३ ते १९५१ या १८ वर्षांत त्यांना फक्त १० कसोटी मिळाल्या होत्या, मध्ये महायुद्ध होतं. खांदा नीट असता तर त्यांनी काय केलं असतं, हे आपण सांगू शकत नाही. पण सूत्र मात्र असं सांगितलं जातं, जणू शेवट कसा व्हावा हे नेहमीच आपल्या हातात असतं.

आता दुसऱ्या टोकाचा माणूस घेऊ. अँडी मरे. तीन ग्रँड स्लॅम, ऑलिंपिकमध्ये एकेरीची दोन सुवर्णपदकं, २०१६च्या नोव्हेंबरात जगात पहिला क्रमांक. मग खुबा गेला. २०१८च्या सुरुवातीला एक ऑपरेशन झालं, पण दुखणं थांबलं नाही. जानेवारी २०१९ मध्ये मेलबर्नच्या पत्रकार परिषदेत तो रडला. बूट-मोजे घालतानाही दुखतं म्हणाला. ऑस्ट्रेलियन ओपनच्या पहिल्या फेरीत बॉटिस्टा अगुटकडून पाच सेटमध्ये हरला, आणि आयोजकांनी इतर खेळाडूंच्या निरोपाच्या शुभेच्छांचा व्हिडिओ मोठ्या पडद्यावर दाखवला. सगळ्यांच्या दृष्टीने गोष्ट संपली होती. तेव्हा तो ३१ वर्षांचा होता.

दोन आठवड्यांत त्याने दुसरं ऑपरेशन करून घेतलं. यात मांडीच्या हाडाचं डोकं तासून त्यावर धातूची टोपी बसवतात आणि खुब्याच्या खोबणीत धातूची वाटी. आधी हवं होतं ते साधं आयुष्य, दुखण्याशिवाय चालणं. टेनिस जमलं तर जमलं. दुखणं गेलं, आणि तो परत आला. ऑक्टोबर २०१९ मध्ये अँटवर्पला अंतिम सामन्यात वॉवरिंकाला हरवून त्याने विजेतेपद मिळवलं.

गोष्ट इथे संपली असती तर तिचं मोटिव्हेशनल रील झालं असतं. पण तो आणखी जवळजवळ पाच वर्षं खेळला. त्यात एटीपी टूरवर एकेरीचं एकही विजेतेपद नाही. एकाही ग्रँड स्लॅममध्ये तो तिसऱ्या फेरीच्या पुढे गेला नाही. आधी ज्यांचं नावही त्याला माहीत नसेल अशा पोरांकडून पहिल्या फेरीत हरला. घोटा गेला, मग पाठीचं ऑपरेशन. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये दुहेरीत हरून तो थांबला. मधल्या काळात अनेकांनी लिहिलं, की हा स्वतःचा वारसा खराब करतोय. त्याला ते मान्य नव्हतं आणि त्याने तसं सांगितलंही.

'वारसा खराब होतो' म्हणजे नक्की काय होतं? २०१३चं विम्बल्डन परत घेतात का? नाही. खराब होते ती आपल्या डोक्यातली आठवण. डॅनिएल कानेमन आणि डोनाल्ड रेडेलमायर यांचा १९९०च्या दशकातला एक अभ्यास प्रसिद्ध आहे. कोलोनोस्कोपी करून घेणाऱ्या रुग्णांना ती तपासणी नंतर किती वाईट वाटली, हे एकूण किती वेळ दुखलं यावर फारसं ठरत नव्हतं. सर्वांत जास्त कधी दुखलं आणि शेवटी किती दुखलं, यावर ठरत होतं. आठवण शेवटाला अवाजवी वजन देते. म्हणून आपल्याला खेळाडूचा शेवट गोड हवा असतो. पण आठवण आपली आहे, आणि दिवस त्याचे आहेत. आपल्या आठवणीची मांडणी नीट राहावी म्हणून त्याने आपले पाच वर्षांचे दिवस सोडून द्यावेत, ही मागणी प्रेमातून आली तरी जरा आगाऊच आहे.

इथे मला माझं फोनवरचं वाक्य आठवलं. 'खूप खेळलात.' मला बाबांच्या पायाची काळजी होती, हे खरं. पण त्यात अजून दोन गोष्टी होत्या. रात्रीची बस पकडून सांगलीला जाणं, रजा टाकणं, हे परत नको होतं. आणि मला हरणारे बाबा बघायचे नव्हते. कॉलेजच्या मुलांना कोर्टभर पळवणारे बाबा माझ्या डोक्यात पक्के बसलेत. मी त्यांचा नव्हे, माझ्या आठवणीचा पाय जपत होतो.

मग माणसाला त्याच्या मर्जीवर सोडून द्यावं का? जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये हेच मांडलं होतं, की माणसाच्या स्वातंत्र्यात हात घालायचा तर फक्त दुसऱ्याचं नुकसान टाळण्यासाठी. त्याच्या स्वतःच्या भल्यासाठी समजवा, विनवा, पण जबरदस्ती नको. मला हे पटतं. वाचून मी आईला फोन केला आणि म्हणालो, "बाबांचा पाय आहे, बाबांना ठरवू दे."

आई म्हणाली, "पाय त्यांचा. सहा आठवडे बाथरूमला कोण नेत होतं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही पूर्ण नाही. आजारी शरीर एका माणसाचं राहत नाही. बाबांचं प्लास्टर होतं तेव्हा आई ५५ वर्षांच्या पाठीने त्यांना उठवत होती, आणि ती पाठ अजून दुखते. ही गोष्ट व्हेटरन गटाच्या निकालात येत नाही. मरेसारख्या खेळाडूकडे फिजिओ, डॉक्टर, पैसा असतो, म्हणून त्याच्या जिद्दीचा खर्च आपल्याला दिसत नाही. आपल्या घरांत तो खर्च बहुतेक वेळा एका बाईच्या नावावर पडतो. मिलचा नियम मोडत नाही, पण 'दुसऱ्याचं नुकसान' या शब्दांत आई येते, एवढं मान्य करावं लागतं. तिला नकाराधिकार आहे असं मी म्हणणार नाही. पण न विचारता तिला गृहीत धरण्याचा अधिकार बाबांना नाही.

आणखी एक 'दुसरा' असतो, ज्याची जागा अडते तो. इथे सचिन आठवतो. २००५ मध्ये कोपराचं ऑपरेशन, २००६ मध्ये खांद्याचं. त्या दोन्हींच्या मध्ये, मार्च २००६ मध्ये, इंग्लंडविरुद्ध एका धावेवर बाद झाल्यावर त्याच्याच वानखेडेवर त्याची हुर्यो उडवली गेली. आपण आता हे सांगतो ते पुढचं माहीत असल्यामुळे. २०१० मध्ये ग्वाल्हेरला २००, २०११ मध्ये त्याच वानखेडेवर विश्वचषक. बघा, थांबला नाही ते बरं झालं! पण हा युक्तिवाद फसवा आहे. तो यशस्वी झाला म्हणून निर्णय बरोबर, असं म्हटलं तर मरेचा निर्णय चूक ठरतो. दोघांनाही निर्णय घेताना पुढचं माहीत नव्हतं. प्रॉडक्शनवर कोड चालला म्हणजे तो नीट लिहिला होता असं नसतं, हे आमच्या धंद्यातल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

सचिनच्या बाबतीत खरा प्रश्न वेगळा आहे. संघात ११च जागा असतात. शेवटच्या दोन-तीन वर्षांत धावा आटल्या तेव्हा 'अजून मजा येते' हे कारण पुरेसं होतं का? मला वाटतं, नाही. टेनिसमध्ये हरलात की बाहेर, तिथे निकाल रोज लागतो, फक्त वाइल्ड कार्डाचा प्रश्न उरतो. संघात मात्र माझी मजा आणि दुसऱ्याची संधी एकाच खुर्चीवर बसलेली असते. त्या खुर्चीचा हिशेब निवड समितीने करावा, आणि खेळाडूने तो मोकळेपणाने करू द्यावा. मोठ्या नावाचं ओझं तराजूत टाकू नये. बाबांच्या हॉलवर सुदैवाने तीन कोर्ट आहेत.

'निवृत्ती' हा शब्दही मजेशीर आहे. बँकेत तो तारखेने येते. बाबांना दोन वर्षांनी येईल, इच्छा असो वा नसो. पण आपल्या परंपरेत निवृत्ती म्हणजे कर्म सोडणं, इच्छेतून माघार घेणं, आणि तिच्या समोर उभी असते प्रवृत्ती. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेलं 'गीतारहस्य' याच वादात उतरतं. गीता कर्म सोडायला सांगत नाही, कर्म करताना फळाची आसक्ती सोडायला सांगते, ही त्यांची बाजू.

ही बाजू घेतली तर बऱ्या झालेल्या खेळाडूसाठी एक चांगली कसोटी मिळते. 'अजून जिंकशील का?' असं विचारू नये. विचारावं, 'पूर्वी ज्याला हरवत होतास, त्याच्याकडून हरून घरी नीट जेवशील का?' ज्याला खेळ हवा आहे तो जेवेल. ज्याला जुना स्वतः परत हवा आहे, तो चिडेल, दुखणं लपवेल, गोळ्या घेऊन उतरेल आणि परत मोडेल. पहिल्याने खेळावं. दुसऱ्याने थांबावं, तो कितीही फिट असला तरी. २०२३ मध्ये मरे मेलबर्नला पहाटे चार वाजेपर्यंत, पावणेसहा तास खेळून कोकिनाकिसला हरवतो, दोन सेट मागे पडून. पुढच्या फेरीत हरतो, तेही त्याच बॉटिस्टा अगुटकडून ज्याच्याविरुद्ध चार वर्षांपूर्वी त्याला निरोप दिला होता. आणि पुढच्या महिन्यात परत कोर्टवर असतो. त्याला काय हवं होतं, याबद्दल मला शंका वाटत नाही.

बाबांबद्दल मला शंका आहे. ते हरले की दोन दिवस कमी बोलतात.

गेल्या महिन्यात मी सांगलीला गेलो तेव्हा हे सगळं त्यांना सांगायचा प्रयत्न केला. मिल आणि कानेमनपर्यंत त्यांनी ऐकून घेतलं. जेवणाच्या कसोटीवर मात्र ते हसले नाहीत. बराच वेळ पाय चोळत बसले आणि म्हणाले, "ते खेळल्याशिवाय कसं कळणार?"

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. म्हणाली, "अहो, खेळा. पण फक्त डबल्स. आणि दुखलं तर त्याच दिवशी मला सांगायचं, आठ दिवसांनी नाही." बाबा हो म्हणाले. मी माझं 'बास करा' मागे घेतलं. त्यांनी ते फार मनावर घेतलं होतं असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघंही हॉलवर गेलो. दोन मुलांविरुद्ध बाबा आणि त्यांचे जुने जोडीदार २१-११, २१-१४ असे हरले. एक लॉब डोक्यावरून मागे गेला, तेव्हा बाबांनी एक पाऊल टाकलं आणि थांबले. पूर्वी ते तिथे उडी मारायचे. शटल पडू दिलं, वाकून उचललं, समोरच्या पोराला दिलं.

घरी आल्यावर त्यांनी नाश्त्याला दुसऱ्यांदा पोहे मागितले. आई माझ्याकडे बघत होती. मग बाबा म्हणाले, पोटरी थोडी ओढल्यासारखी वाटतेय, आणि आईने बर्फ आणायला फ्रीज उघडला.