फळ्यावरचा फॉरवर्ड

गेल्या वर्षी आठवीच्या वर्गावर मराठीच्या तासाला मी धड्याऐवजी फळ्यावर एक निरोप लिहिला. घरोघरी फिरून फिरून झिजलेला निरोप. 'आपले राष्ट्रगीत जगात सर्वोत्कृष्ट असल्याचे नुकतेच जाहीर करण्यात आले आहे. युनेस्को. अभिमान असेल तर पुढे पाठवा.' मग विचारलं, 'पहिल्या वाक्यातला कर्ता ओळखा.'

मुलं शोधू लागली. 'जाहीर करण्यात आले आहे', पण केलं कोणी? युनेस्कोचं नाव एकटंच उभं; त्याला क्रियापदच नाही. एका मुलीने 'नुकतेच'वर बोट ठेवलं : 'सर, मी पाचवीत असतानाही हे नुकतंच होतं.' दहा-पंधरा मिनिटांत वर्गाने त्या निरोपाची वीण उसवली. कर्ता गायब, तारीख गायब आणि शेवटी अभिमानाची अट. युनेस्कोने असं काहीही जाहीर केलेलं नाही, हे मी सर्वांत शेवटी सांगितलं. तोवर ते सांगायची फारशी गरज उरली नव्हती.

शाळेत सोशल मीडिया वापरावा का, यावर आपल्याकडे वाद होतात, पण व्यवहारात तो वाद 2020 मध्येच संपला. टाळेबंदीत शाळा व्हॉट्सअ‍ॅपवर गेल्या आणि शाळा उघडल्यावरही ग्रुप राहिले. गृहपाठ, सुट्टीची सूचना, स्पर्धेतल्या बक्षिसाचा फोटो असं सगळं तिथेच असतं. म्हणजे आपण या माध्यमाचं दप्तर केलं, त्याचा धडा मात्र केला नाही. माझं म्हणणं एवढंच : ग्रुपवर शिकवण्यापेक्षा, ग्रुपवर जे येतं ते वर्गात शिकवा.

त्याची निकड आकडेच सांगतात. 'असर' या शिक्षणविषयक अहवालाच्या 2024 च्या ग्रामीण पाहणीत 14 ते 16 वर्षांच्या 82 टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांतल्या 57 टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, तर 76 टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. मुलं तिथे वाचतात, ऐकतात, मतं बनवतात. जगाविषयीचं त्यांचं निम्मं वाचन शाळेच्या नजरेआड होत असेल, तर आपण वाचन शिकवतो असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

न शिकवण्याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी ही माणसं. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, या अफवेने त्यांचा जीव घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घालायचं ठरवलं. पाचांवर थांबवणं हे यंत्राचं काम झालं. पहिल्याच ठिकाणी थांबणं हे माणसाचं काम, आणि ते शिकवावं लागतं.

असं शिकवणं कुठे घडलंच नाही, असंही नाही. केरळच्या कण्णूर जिल्ह्यात लसीकरणाविषयीच्या अफवांचा अनुभव घेतल्यावर प्रशासनाने 2018 मध्ये सुमारे दीडशे सरकारी शाळांत खोट्या बातम्या ओळखण्याचे वर्ग घेतले. नाव होतं 'सत्यमेव जयते'. अशा वर्गासाठी मुलांच्या हाती फोन द्यावे लागत नाहीत.

फोनबद्दलची पालकांची भीती खरी आहे. वर्गातला फोन लक्ष विचलित करतो, हे युनेस्कोच्याच 2023 च्या जागतिक अहवालाने बजावलं आहे. म्हणून माझ्या वर्गात फोन नसतो. असतो तो फळा आणि खडू. बंदीचा उपाय म्हणाल, तर ऑस्ट्रेलियाने डिसेंबर 2025 पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खातं ठेवायला बंदी केली. पण व्हॉट्सअ‍ॅपसारखी निरोपांची अ‍ॅप त्या बंदीतून वगळली आहेत, आणि आपल्याकडची अफवा मुख्यतः त्याच वाटेने घरात येते. शिवाय सोळा वर्षं पूर्ण होताच दार उघडणारच. त्या दिवशी मुलाच्या हाती काय असेल, हे आज ठरवावं लागेल.

अभ्यासक्रमात जागा नाही, असं सहकारी म्हणतात. जागा आहे. प्रयोग आणि काळ मराठीत शिकवतो, साधनांची पारख इतिहासात आणि पडताळा विज्ञानात. नवा विषय नको. जुन्याच विषयांना आजचा उतारा हवा.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती मला त्या तासाला कळली. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. आवाज चढलेला. 'सर, हा निरोप माझ्या काकांनी पाठवलाय. काका खोटं बोलत नाहीत.'

वर्ग गप्प झाला. आपल्याकडे निरोप अनोळखी माणसाकडून येत नाही. तो काकांकडून, मावशीकडून, जुन्या गुरुजींकडून येतो. त्यावर शंका घेणं म्हणजे थोरांना उलटून बोलणं. कर्ता नसलेलं वाक्य नात्याच्या भरवशावर घरात शिरतं. मी म्हटलं, 'काका खोटं बोलत नाहीत. तेही फसले असतील. त्यांना एवढंच विचार : काका, हे तुम्हाला कुणी पाठवलं?'

त्यानंतर आम्ही तोच सराव केला. मोठ्यांचा मान राखून प्रश्न कसा विचारायचा, याची वाक्यं मुलांनी वहीत लिहिली. व्याकरणाचा इतका उपयोगी तास मी क्वचितच घेतला असेन.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा सांगत आला. काकांनी आठवून पाहिलं. निरोप त्यांना मित्राकडून आला होता. त्या मित्राला त्यांनी फोन केला, तर त्यालाही कुठूनसा आलेला. काका रागावले नाहीत. म्हणाले, 'मला कुणी आजवर असं विचारलंच नव्हतं.'